काठावरचा जोतीराम

लोणी भापकरच्या दूध संकलन केंद्रावर जोतीरामतात्या बावीस वर्षं दूध तपासायला बसला, आणि या बावीस वर्षांत त्याच्याविषयी कुणी चांगला शब्द काढलेला मी ऐकला नाही. माझं मेडिकलचं दुकान केंद्राच्या बरोबर समोर, रस्त्यापलीकडे. सकाळी सहाला मी शटर वर करायचो तेव्हा तात्याची खुर्ची मांडलेली असायची. डोक्यावर पांढरी टोपी, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि कपाळावर कायमची आठी. चोरी त्याने कधी केली नाही. मापात मारलं नाही, वशिला चालवला नाही, सख्ख्या भावाचं दूध हलकं निघालं तर तेही घेतलं नाही. इतका सचोटीचा माणूस गावाला इतका नकोसा का, असा प्रश्न बाहेरच्याला पडेल. गावात तो कुणालाच पडत नव्हता.

गाईच्या दुधाचा कस मोजतात, त्याला इथे सगळे एसएनएफ म्हणतात. तो साडेआठ लागतो. पण डेअरीने दिलेल्या तक्त्यात आठ पॉइंट दोनपर्यंतचं दूध घ्यायची सोय होती. लिटरमागे दर थोडा कमी लावायचा आणि दूध कॅनमध्ये ओतायचं. आसपासच्या सगळ्या केंद्रांवर तसंच चालायचं, कारण गाय काही यंत्र नाही. हिरवा चारा कमी पडला, उन्हाचा ताप झाला की कस हलतो. तात्याने तो तक्ता भिंतीला लावलाच नाही, टेबलाच्या खणात टाकून ठेवला. मशीनवर आठ पॉइंट चार दिसलं की किटली पुढे सरकवायचा आणि एकच शब्द बोलायचा, "परत."

कुशाबाईची एकच गाय होती. नवरा गेलेला, पोरगी लग्न होऊन लांब. एका उन्हाळ्यात तिचं दूध सलग नऊ दिवस आठ पॉइंट चार आलं आणि नऊ दिवस परत गेलं. दहाव्या दिवशी ती रडत म्हणाली की तात्या, दर कमी लावा, पण घ्या. तात्याने मान वर केली नाही. काठावर असं काही नसतं, असतं ते पास नाहीतर नापास, असं त्याने रांगेतल्या चाळीस माणसांसमोर तिला ऐकवलं. महिन्याभरात गाय बाजारात गेली. माझ्या गाईचं दूधही त्याने तीनदा परत केलंय. मी काही बोललो नाही, पण विसरलोही नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढे जे मी केलं त्यात ते नऊ-दहा लिटर दूध होतंच.

तात्याला जगात भीती एकाच गोष्टीची होती, ती म्हणजे त्याच्या थोरल्या भावाच्या पायाची. झुंबरला पंधरा वर्षांची शुगर. आधी अंगठा गेला, मग पाऊल, मग गुडघ्याखालचा पाय. झुंबर ओट्यावर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला पायाचं उरलेलं खोड दाखवायचा आणि त्याला त्यात मजा वाटायची. तात्या मात्र भावाच्या दारावरून जाताना तोंड फिरवून जायचा.

ज्या वर्षी श्रावण अधिक आला, त्या वर्षी जूनमध्ये केंद्रावर आरोग्य शिबिर झालं. बारामतीहून डॉक्टर सुप्रिया म्हणून एक तरुण बाई आल्या होत्या. आठवड्याने रिपोर्टचे कागद घेऊन त्या पुन्हा आल्या, तेव्हा त्यांच्याबरोबरच्या माणसाने शहाणपणा करून नावं आणि आकडे मोठ्याने वाचायला सुरुवात केली. जोतीराम, तीन महिन्यांची सरासरी साखर, सहा पॉइंट एक. काठावर.

मग मागून, रिपोर्ट न्यायला आलेल्या कुशाबाईचा आवाज आला, "परत."

असं हसू त्या केंद्रावर पूर्वी कधी उठलं नव्हतं. म्हातारी माणसं डोळे पुसत होती. मीही दुकानाच्या पायरीवर उभा राहून पोट धरून हसलो. तात्या खुर्चीतून उठला नाही.

डॉक्टरबाईंनी त्याला बाजूला घेऊन नीट समजावलं, ते मी रस्ता ओलांडून जवळ जाऊन ऐकलंय. ही तपासणी मागच्या तीन महिन्यांचा हिशेब दाखवते, त्या म्हणाल्या. पाच पॉइंट सातच्या खाली असेल तर ठीक. साडेसहा आणि त्याच्या पुढे मधुमेह. तुमचं त्या दोन्हींच्या मध्ये आहे. म्हणजे आजार झालेला नाही, पण असंच चाललं तर होऊ शकतो. घरात भावाला आहे म्हणून तुम्हाला धोका जास्त. पण या टप्प्यावरून पुष्कळ माणसं मागे फिरतात. रोज अर्धा-पाऊण तास चाला, पाच-सहा किलो वजन उतरवा, दिवसाचे सहा गोड चहा बंद करा, भाकरी थोडी कमी आणि भाजी जास्त, जेवण मात्र चुकवू नका. आज गोळीची काही गरज नाही. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासू.

तात्याने हे सगळं मान खाली घालून ऐकलं आणि शेवटी एवढंच विचारलं की मग आहे का नाही. बाई पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या. तो उठून गेला. जी जागा त्याने बावीस वर्षं कुणाच्या दुधाला दिली नव्हती, ती स्वतःच्या रक्ताला कुठून देणार?

संध्याकाळी तो माझ्या दुकानात आला. मी डी. फार्म. झालेलो आहे, मला सगळं कळतं. दोन मिनिटं बसवून सांगितलं असतं तर त्याने माझं ऐकलं असतं, कारण औषधाच्या बाबतीत तो मला मानायचा. "रामहरी, खरं सांग," तो म्हणाला, "काठावर म्हंजी हाय का न्हाय?"

मला माझं परत आलेलं दूध आठवलं. "हाय असंच धरून चाला, तात्या," मी म्हणालो.

त्या दिवसापासून त्याने हाय खाल्ली. पहाटे चारला उठून मोरगावच्या रस्त्याने पाच-सहा किलोमीटर चालायला लागला, ते चांगलंच होतं. चहा सोडला, तेही चांगलं. पण तो तिथे थांबणारा नव्हता. भात, गूळ, केळं, पेरू, बटाटा, सगळं बंद. दोन भाकऱ्यांची एक झाली, एकीची अर्धी झाली. घरात साखरेचा डबा नको म्हणून तो लीलावहिनींना शेजारी नेऊन ठेवायला लावला. लीलावहिनी म्हणजे त्याची बायको. नवऱ्याचा शब्द खाली पडू न देणारी बाई. जो भेटेल त्याला तात्या बजावायचा की मला शुगर आहे, माझ्यासमोर गोड आणायचं नाही आणि मी मरायला टेकलो तरी माझ्या तोंडात घालायचं नाही. बायकोला तर त्याने हे पाठच करून घेतलं होतं.

अधिक महिन्यात त्याला सासुरवाडीला धोंड्याच्या जेवणाचं बोलावणं आलं. निमगाव केतकीला मेव्हण्याचा पानमळा आहे. सासू भागूबाई ऐंशीच्या घरातली, कमरेत वाकलेली. तीन वर्षांनी येणारा महिना, पुढचा मला दिसतो की नाही, म्हणून तिने स्वतः पाट्यावर पुरण वाटलं आणि जावयासाठी धोंडे उकडले. तात्याने पिशवीतून अर्धी ज्वारीची भाकरी आणि मेथीची जुडी काढली. वाढलेलं ताट तसंच पुढे सरकवलं. म्हातारी म्हणाली, एक तरी खा, शास्त्रापुरता. त्यावर हा सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाला की मला मारायला बोलावलंय का, झुंबरसारखा माझा पाय तोडलेला बघायचाय का. भागूबाई तिथेच खाली बसून रडली. लीलावहिनींनी मला हे सांगितलं तेव्हा त्यांचेही डोळे भरले होते, पण बोलल्या त्या नवऱ्याच्याच बाजूने. त्यांना जगायचंय, म्हणाल्या, त्यात काय चुकलं?

अकरा किलो वजन उतरलं. गाल आत गेले, शर्ट खांद्यावर लोंबायला लागला. गावाने त्यातही मजा शोधली. दूध घालायला येणारे मुद्दाम विचारायचे की तात्या, या वेळेला कितीचा लागतोय. तोही पेटला. पुढची तपासणी इथेच, या टेबलावर, सगळ्यांसमोर होईल आणि आकडा पाच पॉइंट सहाच्या वर आला तर खुर्ची सोडीन, असं त्याने रांगेला सांगून टाकलं. सप्टेंबरमधली तारीखही ठरवली. गावाला तेवढंच हवं होतं.

तारखेच्या तीन आठवडे आधी तो दुपारी माझ्याकडे आला. हातात झुंबरची चिठ्ठी होती. झुंबरच्या गोळ्या मीच दर महिन्याला देतो. त्यातली एक अशी आहे की पोटात अन्न असो-नसो, साखर खाली ओढतेच. झुंबर ती खातो आणि वर दोन भाकऱ्या खातो, म्हणून त्याला ती चालते.

"ह्यातली खाली आणणारी गोळी दे," तात्या म्हणाला. "झुंबरच्या नावावर लिव."

ही तुमच्यासाठी नाही, एवढं वाक्य माझ्या तोंडात आलं होतं. डॉक्टरांनी तुम्हाला गोळी सांगितलेली नाही, आणि अशी उपाशी पोटी खाल्ली तर माणूस जागेवर आडवा होतो, हेही मला ठाऊक होतं. पण बावीस वर्षं एका शब्दावर गावाला नाचवणारा माणूस माझ्या काउंटरला धरून उभा होता आणि याचना करत होता. मला ते बघायला बरं वाटलं. मी झुंबरच्या नावावर दोन पाकिटं दिली. काहीतरी खाऊन घेत जा, असं मागून म्हणालो, पण त्याने ऐकलं की नाही ते बघितलं नाही.

मग त्याला सकाळी घाम फुटायला लागला. हात कापायचे, मध्येच डोळ्यांपुढे अंधारी यायची. रोग अंगातून निघतोय, असं तो मला खाजगीत सांगायचा. मी हं म्हणायचो.

तपासणीचा दिवस उजाडला. बारामतीच्या लॅबचा माणूस आठला येऊन उपाशी पोटी रक्त घेणार होता. उपाशी म्हणजे रात्रीच्या जेवणानंतर काही खायचं नाही, इतकाच त्याचा अर्थ. तात्याने आदल्या दिवशी दुपारपासून काही खाल्लं नव्हतं. सकाळी एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या, हे मला नंतर पाकीट बघून कळलं. वर मोरगावच्या रस्त्याने चालून आला आणि खुर्चीत बसला. त्या दिवशी दूध नसलेलीही माणसं आली होती. कुशाबाई पुढच्याच पायरीवर बसली होती.

साडेसहाला तो ठीक होता. सातच्या सुमाराला त्याने एकाचा आकडा दुसऱ्याच्या नावापुढे लिहिला. बावीस वर्षांत असं झालं नव्हतं. लोकांनी दाखवून दिल्यावर तो शिव्या द्यायला लागला आणि त्या शिव्याही अर्ध्या-मुर्ध्या, शब्द एकमेकांत अडकलेले. टोपीखालून घाम गळत होता. कुणीतरी म्हणालं, तात्या आज पिऊन आलाय. पुन्हा तेच हसू उठलं. दोघांनी मोबाईल वर धरले. तात्या उठायला गेला आणि किटल्यांच्या मध्ये पडला.

शेजारच्या टपरीवरची तानूबाई धावत आली. अडाणी बाई, पण तिच्या बापाला असंच व्हायचं म्हणे. हातात कपभर चहा, त्यात तिने मूठभर साखर ढवळली होती. तिने तात्याचं डोकं मांडीवर घेतलं. तो अजून गिळू शकत होता, ओठ हलत होते. तेवढ्यात लीलावहिनी पोचल्या आणि त्यांनी तो कप हाताने दूर लोटला.

"गोड नगं," त्या म्हणाल्या. "त्यांची शुगर वाढलीया. मरायला टेकलो तरी दिऊ नगं म्हणल्यात मला."

तानूबाईने माझ्याकडे बघितलं. सगळ्यांनीच बघितलं, कारण औषधातलं कळणारा तिथे मी एकटाच होतो. पाजा, एवढंच म्हणायचं होतं. पण पाजा म्हटलं की शुगर कमी झालीय हे उघड होणार, कमी का झाली हे विचारलं जाणार आणि दोन पाकिटांवर बोट येणार. माझं लायसन्स, माझं दुकान, माझं नाव, हे सगळं एका क्षणात माझ्यासमोर उभं राहिलं. तात्या मात्र माझ्यासमोर आडवा पडलेला असून दिसला नाही. मी खाली वाकलो, नाडी धरल्यासारखं केलं, दुसऱ्या हाताने त्याच्या खिशातलं पाकीट काढून माझ्या खिशात टाकलं.

"दमल्यात," मी म्हणालो. "घरी नेऊन झोपवा. उतरंल."

चौघांनी त्याला उचलून घरी नेलं. आठला लॅबचा माणूस आला तेव्हा तात्या खाटेवर घोरत होता. लीलावहिनींनी त्याला परत जाऊ दिलं नाही. तीन महिने या दिवसाची वाट बघितलीय त्यांनी, त्या म्हणाल्या, झोपेत असले म्हणून काय झालं, घ्या रक्त. त्याने विचारलं की उपाशीच आहेत ना. त्या हो म्हणाल्या. त्याने दोन बाटल्यांत रक्त भरलं, वर नाव चिकटवलं आणि गाडीला किक मारून गेला.

मी दुकानात बसून होतो. नऊ वाजले, दहा वाजले. ग्लुकोजच्या पुड्यांचा खोका माझ्या पाठीशी, हाताच्या अंतरावर होता. तात्याचं घर चालत चार मिनिटांवर. दर थोड्या वेळाने मी स्वतःला सांगायचो की आता उठतो आणि जातो, कुणी विचारलं तर काहीतरी थाप मारतो. मग गिऱ्हाईक यायचं. त्या पाच तासांत मी खोकल्याची औषधं विकली, लहान पोराला जुलाबाची पावडर दिली, एकाशी सुट्ट्या पैशांवरून वाद घातला. मी किती नीच माणूस आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि कळूनही मी जागचा हललो नाही.

एकच्या सुमाराला तात्याच्या तोंडाला फेस आला. गाडी करून बारामतीला नेलं, मीही बरोबर गेलो. तिथे बोटाला सुई टोचून पाहिल्याबरोबर धावपळ सुरू झाली. शुगर पार खाली गेलीय, डॉक्टर म्हणाले, किती वेळ असे आहेत? मग विचारलं, कुठली गोळी घेत होते का? लीलावहिनी नाही म्हणाल्या, कारण त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. मग डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मीही नाही म्हणालो.

साखर सलाईनमधून चढवली, पण मेंदूला जे व्हायचं ते होऊन गेलं होतं. चौथ्या दिवशी तात्या गेला. शुगरने गेला, असं गाव म्हणालं. झुंबर ओट्यावर बसून ओक्साबोक्शी रडला. कुशाबाई दहाव्याला आली आणि लांब कडेला बसून राहिली. केंद्रावर नवा माणूस आला. त्याने खणातला तक्ता काढून भिंतीला लावला. आता आठ पॉइंट चारचं दूध घेतात.

तेराव्यानंतर दोन दिवसांनी लीलावहिनी दुकानात आल्या. दुपारची वेळ, दुकानात कुणी नव्हतं. त्यांच्या हातात तात्याचा मोबाईल होता. तो इतके दिवस बंद पडला होता, आज पुतण्याने चार्ज करून दिला, म्हणाल्या. त्यात लॅबचा निरोप आलेला होता, रक्त नेलं त्याच संध्याकाळचा.

"बघा, भावजी," त्या म्हणाल्या. "पास हाय का?"

मी बघितलं. तीन महिन्यांची सरासरी साखर, पाच पॉइंट पाच. चालण्याने आणि चहा सोडल्यानेच बहुतेक सगळं साधलं होतं, कारण तीन आठवड्यांच्या गोळ्यांनी तेवढा फरक पडत नाही. त्याला काही झालेलंच नव्हतं, आणि होणार होतं तेही त्याने टाळलं होतं.

"पास हाय, वहिनी."

त्यांनी पदर तोंडाला लावला. आकडे त्यांना वाचता येतात. मग त्यांनी खालच्या ओळीवर बोट ठेवलं.

"आन् हे एकतीस?"

"उपाशी पोटची साखर. सत्तरच्या वर पायजे."

"म्हंजी लई कमी."

"व्हय."

त्यांनी मोबाईल काउंटरवर ठेवला. रडत नव्हत्या. गेले पंधरा दिवस हाच एक प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला असणार, कारण तो अगदी सरळ बाहेर आला.

"मंग तवा तानूबाईचा च्या पाजला आसता तर?"

माझ्या काउंटरच्या खणात ते पाकीट अजून होतं, चार गोळ्या उरलेलं. का फेकलं नव्हतं ते मला सांगता येणार नाही. मी खणाला हातही लावला. मग म्हणालो, "काय उपेग झाला नसता, वहिनी."

त्यांचा सगळा चेहरा सुटल्यासारखा झाला. काउंटरवर दोन्ही हात टेकून त्या खाली वाकल्या आणि हुंदके द्यायला लागल्या, नवरा गेला त्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या.

"बरं झालं सांगितलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, मीच मारलं त्यांना."

"तुमी न्हाय, वहिनी," मी म्हणालो, आणि तिथेच थांबलो.